आभाळ गडगडले म्हणून मोबाईल बंद करू नका

गोष्ट २० जुलै २०२३ ची. सकाळी साडेदहाचा सुमार. पावसाळी तापाच्या पेशंटनी दवाखाना भरलेला. आदल्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याची बातमी प्रत्येकाच्या तोंडी होती. एवढ्यात बाकावरचे पाच-सहा मोबाईल एकाच वेळी कर्कश वाजू लागले. एका आजींच्या हातातली पिशवीच पडली. “डॉक्टर, आता आपल्याकडं काय झालं?”

मजकूर वाचल्यावर उलगडा झाला. दूरसंचार विभागाने घेतलेली ती चाचणी होती. आजींचा रक्तदाब उतरायला मात्र वेळ लागला. त्यांनी नातवाला बजावले, “तो भोंगा आधी बंद कर बाबा.” नातवाने तिथल्या तिथे सेटिंग बदलून टाकले. मी हसलो आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्या वेळी हसायला नको होते, असे आता वाटते. पुढच्याच वर्षी वळवाच्या पावसात एका शेतमजूर तरुणाला टेम्पोतून माझ्याकडे आणले. वीज पडली होती. थोरला भाऊ रडत सांगत होता, “दुपारी सरकारचा मेसेज आला होता. कंपनीचा असंल म्हणून वाचला न्हाई. गडगडाया लागल्यावर फोनच बंद केला. मोबाईलवर इज पडती म्हणत्यात ना!” फोन बंद करून दोघे भाऊ बाभळीखाली जाऊन उभे राहिले. धाकटा कोसळला, तेव्हा अंगात करंट असेल म्हणून अर्धा तास कोणी हात लावला नाही. माझ्यापर्यंत आला, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

या एका घटनेत तीन गैरसमज आहेत. वाचकांनी ते आजच मनातून काढून टाकावेत.

पहिला : सरकारी मेसेज बिनकामाचा असतो.
हवामान खात्याचा इशारा ‘सचेत’ या यंत्रणेमार्फत त्या-त्या भागातील मोबाईलवर मराठीतूनही येतो. तो वाचायला अर्धा मिनिट लागते. भोंग्यासारखा वाजणारा इशारा याहून वेगळा. तो टॉवरवरून त्या परिसरातील फोनवर एकदम जातो. त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि लाइनवर गर्दी असली तरी तो अडत नाही. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू ठेवा. मात्र एक लक्षात असू द्या. खरा इशारा कधीही ओटीपी किंवा बँकेची माहिती मागत नाही.

दुसरा : मोबाईल वीज ओढून घेतो.
हे खरे नाही. वीज उंच आणि एकट्या उभ्या असलेल्या वस्तूवर पडण्याचा संभव जास्त. धोका खिशातल्या फोनचा नाही, डोक्यावरच्या झाडाचा आहे. फोन फक्त चार्जरला लावून बोलू नका. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. नुसत्या पत्र्याच्या उघड्या शेडचा भरवसा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आडोसा नसेलच, तर झाडापासून व तारांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे पडू नका.

तिसरा : वीज पडलेल्या माणसाला शिवू नये.
हा गैरसमज सर्वांत घातक. शरीरात वीज साठून राहत नाही, हात लावल्याने कोणालाही झटका बसत नाही. अशा रुग्णाचे हृदय बंद पडते, पण पुष्कळदा ते पुन्हा चालू होऊ शकते. श्वास मात्र थांबलेलाच राहतो. म्हणून पहिली काही मिनिटे लाखमोलाची. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबा. येत असेल तर दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शेणात पुरणे, माती लावणे यात वेळ दवडू नका. शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही दवाखान्यात न्याच. हृदयाला किंवा कानाच्या पडद्याला इजा झालेली असू शकते.

शेवटचे एक सांगणे. शेतात राबणाऱ्या पुष्कळ बायामाणसांजवळ फोन नसतो, कोणाला वाचता येत नाही. तुमच्या फोनवर इशारा आला, तर बांधावर उभे राहून एक हाळी द्या. मी कितीही इंजेक्शने दिली, तरी त्या एका हाकेची सर त्यांना येणार नाही.

त्या आजी परवा तपासणीला आल्या होत्या. नातवाकडून तो भोंगा मी पुन्हा चालू करून घेतला.