घर विकायला काढताना

मागच्या व्याख्यानात आपण मालकी म्हणजे काय, इथवर आलो होतो. आज त्याचंच एक घरगुती उदाहरण घेऊ. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातला आमचा जुना फ्लॅट विकायला काढला. जिना चढवेना, एवढंच कारण. एजंटानं घर फिरून पाहिलं आणि म्हणाला, "सर, आधी जरा रिकामं दिसू द्या."

त्याचं बरोबर होतं. बघायला येणारा माणूस आपलं घर बघत नसतो, त्याचं स्वतःचं बघत असतो. दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. आमच्या लेखी ते मोल, त्याच्या लेखी मळकी चौकट. कानमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले होते. मग हातात असलेले विद्यार्थी, घेणारे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. एका मगाची ही गत, मग तीस वर्षांच्या घराचं काय!

असो. माळा उपसला, रद्दी-भंगार गेलं, ओट्यामागचा तेलकट थर गरम पाणी आणि सोड्यानं निघाला. अंधाऱ्या पॅसेजमध्ये मोठा बल्ब लावला. घोडं अडलं ते मागच्या खोलीच्या भिंतीपाशी. तिला दर पावसाळ्यात ओल येते, पापुद्रे सुटतात. तेव्हा मे महिना, भिंत कोरडी ठणठणीत. रंगारी म्हणाला, "खरवडून लांबी भरतो, प्लास्टिक पेंट मारतो. जुलैपर्यंत कुणाला कळायचं नाही."

हा प्रश्न जुना आहे, बरं का. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोनं कर्तव्यांवरच्या ग्रंथात नेमका हाच घेतलाय: घराचं लाकूड कुजलंय, खोल्यांत साप निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्यानं सांगावं का? अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. डायोजेनिस (पिंपात राहणारा नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, घ्यायची सक्ती कुणी केली होती? सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. आपला १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही, कलम ५५ मध्ये, तेच म्हणतो: वेगळा करार नसेल तर, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं पाहूनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्यानं तो सांगितला पाहिजे.

आमच्या घरात डायोजेनिसची बाजू सौ.नं घेतली. "आपण घेताना ही भिंत आपल्याला कुणी दाखवली होती?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण धुण्यानं असलेलं दिसतं, लांबीनं असलेलं झाकतं, हा फरक आम्हाला ओलांडवेना. भिंत नुसती खरवडून ठेवली. घेणाऱ्या जोडप्याला पावसाळ्यातले फोटो दाखवले. मुलीच्या वडिलांनी भिंतीवर तळवा ठेवला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग किंमत पाडून मागितली. आम्ही दिली. सौ. आठवडाभर धड बोलली नाही.

बल्बचं मात्र आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. ते झाकणं की दाखवणं, यावर तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.