नांदेड–हैदराबाद : विमानाचे अंतर आणि वेळेचा हिशेब

नांदेडहून हैदराबादला खरेदीसाठी जाणारे व्यापारी मराठवाड्यात पुष्कळ आहेत. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या 'उडान' योजनेत या मार्गावर ट्रूजेट कंपनीचे विमान सुरू झाले. योजनेत तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. त्यानंतर या विमानतळावर इतर कंपन्या आल्या, वेळापत्रके बदलली. पण व्यापाऱ्याचा प्रश्न तोच राहिला. विमानाने खरोखर किती वेळ वाचतो?

नांदेड ते शमशाबाद विमानतळ हे हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. या मार्गावर उडालेले एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे अर्धा तास पुरायला हवा. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे यात वेळ जातो आणि प्रवास तासाभराचा होतो.

आता घरापासून दुकानापर्यंतचा हिशेब मांडू. विमानतळ गाठायला अर्धा तास, तिथे निदान एक तास आधी हजेरी, विमानात एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. शमशाबाद शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे नांदेडचे विमान हैदराबाद ओलांडून पुढे उतरते. तिथून बेगम बाजारच्या घाऊक पेठेपर्यंत मागे यायला गर्दीत आणखी एक तास. एकूण चार तास! मार्च २००८ पर्यंत विमाने शहरातल्याच बेगमपेठला उतरत. ते अंतर हवेतून वीसेक किलोमीटरने कमी होते आणि रस्त्याचा फेराही वाचत असे.

निजामाबादमार्गे रेल्वेला साधारण पाच तास लागतात आणि गाडी थेट शहरात पोहोचते. फरक उरला तासा-दीड तासाचा. शिवाय विमानात बहुधा पंधरा किलोच सामान मोफत नेता येते. रेल्वेत माल सोबत आणणे सोपे.

मुंबईचा हिशेब मात्र निराळा आहे. नांदेड–मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरी विमानातला वेळ अर्ध्या तासाच्या आसपासच वाढतो, कारण विमानतळावरचा खोळंबा तेवढाच राहतो. मनमाडमार्गे रेल्वेचा पल्ला मात्र सहाशे किलोमीटरचा, रात्रभराचा.

तेव्हा व्यापारी बांधवांनी तिकीट काढताना केवळ उड्डाणाची वेळ पाहू नये. घराच्या उंबरठ्यापासून पेठेपर्यंतचे तास मोजावेत, सामानाचे वजन धरावे आणि वाचलेल्या तासांनी भाड्यातल्या फरकाला भागावे. एका तासाला किती रुपये पडले, ते लगेच कळेल. जवळच्या खरेदीला रेल्वे आणि लांबच्या तातडीच्या कामाला विमान, हाच हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो.