बेशरमची घडी, नऊवारीची निरी

गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की बाघ नदी लागते. नदी ओलांडली की महाराष्ट्र मागे राहतो, मध्य प्रदेश सुरू होतो आणि राजेगाव येतं. भाषेला मात्र ही हद्द ठाऊक नाही. मराठी, पोवारी आणि हिंदी इथे एकाच वाक्यात नांदतात. नाल्याकाठच्या बेशरमच्या झुडपालाही हद्द कळत नाही. तोडलं तरी फुटतं, फांदी खोचली की जगतं, म्हणून तर हे नाव. मूळचं दक्षिण अमेरिकेचं, पण आता इथल्या कुंपणाचा मालक.

या बेशरमची उद्या उमलणारी कळी जवळून पाहा. मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते. पाच जाडसर पट्टे बाहेर, त्यांच्यामधला नाजूक भाग आत दडपलेला. सकाळी पीळ सुटतो आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेतून गुलाबी कर्णा बाहेर पडतो. त्याला कुठे शिवण नाही, गुंडी नाही, चेन नाही.

कापडावर फूल छापणारे ढिगाने सापडतील. फुलाकडून घडी शिकणारे मोजकेच, आणि खरी गंमत त्यांच्याकडे आहे.

ड्रिफ्ट या डच कलाकारांच्या जोडीचंच बघा. काही फुलं रात्री मिटतात, यावरून त्यांनी ‘शायलाइट’ नावाचे दिवे केले. छताला मिटलेली रेशमी कळी लटकते, अचानक खाली झेपावते, घेर फुलवते आणि पुन्हा आवरून वर जाते. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये हे दिवे लागलेत. रेशमाचे थर, त्यात उजेड आणि सगळी हालचाल फुलाची!

जपानच्या इस्से मियाके यांनी २०१० मध्ये ‘१३२ ५.’ नावाचे कपडे आणले. हा फोन नंबर नाही. १ म्हणजे एक सलग कापड, ३ म्हणजे त्रिमिती, २ म्हणजे सपाट घडी आणि ५ म्हणजे अंगावर चढल्यावर पुढे जे काही घडेल ते. टेबलावर ठेवलं तर चांदणीसारखी चपटी घडी, मधोमध चिमटीत धरून उचललं की झगा. त्याचा धागा फेकून दिलेल्या प्लास्टिकपासून केलेला.

कोरियातल्या येओसूच्या २०१२ च्या प्रदर्शनात तर अख्खी इमारत फुलाकडून शिकली. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ फुलावर पक्षी बसला की त्याच्या वजनाने पाकळीचा दांडा वाकतो आणि कडेची पाळ आपोआप उघडते. तीच युक्ती वापरून काचधाग्याच्या १०८ उभ्या पट्ट्या उन्हाप्रमाणे उघडमीट करत होत्या. एकीलाही बिजागरी नव्हती.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने घाम आला की पाठीवरच्या झडपा पाकळ्यांसारख्या उघडणारा कपडा केला. झडपा हलवणारी मोटर म्हणजे जपानी नॅटो आंबवणारे जिवाणू. ओल लागली की ते फुगतात आणि कापड वाकतं.

आता जरा आपल्या घरच्या ट्रंकेकडे वळू. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तेही सुईदोऱ्याशिवाय. निऱ्या घातल्या की पोटाशी बेशरमची कळी तयार. मधली निरी मागे खोचली की काष्टा. धानाच्या रोवणीला तेच लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून बाई दिवसभर चिखलात वाकू शकते. पदर उन्हात टोपी, घाम पुसायला रुमाल, ओटी भरायला थैली, सुट्या पैशांना गाठीचं पाकीट. कडेवरचं मूल झोपलं की पांघरूणही तोच. घागर उचलायची तर जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ होते. विरलं की बाळाची झोळी, मग दुपटी, मग गोधडीचा थर आणि शेवटी पोतेरं. मियाकेंच्या झग्याचं मला कौतुक आहे, पण त्याचं पोतेरं झालेलं अजून ऐकलं नाही.

असं लुगडं विणणारे हात राजेगावच्याच जिल्ह्यात आहेत. बालाघाटमधल्या वारासिवनीच्या हातमागावरच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पैठणीतली ‘असावली’ म्हणजे फुलांची वेल. तिची खुबी नक्षीपेक्षा मागच्या बाजूला आहे. काठ-पदरातले रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणलेले असल्याने खऱ्या हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट-सुलट सारखीच दिसते. दुकानात गेलात तर आधी पदर उलटा करा. मागे लोंबत्या धाग्यांचं जाळं दिसलं तर भाव ऐकण्याआधीच निघा.

कपाशीचं फूलही मोठं नाटकी. पहिल्या दिवशी पांढरट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळून पडतं आणि मागे बोंड धरतं. पण गुलाबी बोंडअळी आत शिरली की ती रेशमासारख्या धाग्याने पाकळ्या आतून बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटूनच राहतं. शेतकरी त्याला ‘डोमकळी’ म्हणतो. कापडाच्या फुलावरच शिवणकाम करणारा हा शिंपी शेतकऱ्याला मात्र रडवतो.

अफूच्या पाकळ्या कळीत चुरगाळून कोंबलेल्या असतात, बॅगेत घाईने भरलेल्या सदऱ्यासारख्या. उमलल्या की सुरकुती दिसत नाही. प्रवासाच्या कपड्यांना ही विद्या हवी आहे, विशेषतः माझ्या.

आता घडीकडून जरा रंगाकडे. करडईच्या फुलात दोन रंग. पिवळा पाण्यातच धुऊन जातो, कुसुंबी लाल मात्र खाराच्या पाण्यात सुटतो आणि आंबट घातलं की कापडावर चढतो. इंग्रजी कचेऱ्यांत कागदपत्रं बांधायच्या फिती याच फुलाने रंगवत. लालफितीचा कारभार म्हणून आपण बोटं मोडतो, त्यात करडईचाही वाटा आहे!

आणि व्हेल्क्रो? १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल हे स्विस अभियंते आल्प्समधून कुत्र्याला फिरवून आले. त्याच्या केसांत बर्डॉकची बोंडं अडकलेली. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा. त्यावरूनच त्यांना ही चिकटणारी पट्टी सुचली. ती बोंडं म्हणजे त्या झाडाची वाळलेली फुलंच. त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातले विणकर टीझल नावाच्या फुलाची काटेरी बोंडं चौकटीत बसवून लोकरीच्या कापडावर लव उभी करत होते. म्हणजे एक फूल कापड मऊ करायला, दुसरं चिकटवायला.

तर उद्या सकाळी लवकर उठून नाल्याकाठी जा, बेशरमची एक कळी हलक्या हाताने उलगडून बघा. नंतर हात मात्र साबणाने धुवा, आणि शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नका. ते झाड विषारी आहे.