पू-पेशींना हाक कोण मारतं?

स्वॅब काचेवर घासायचा नसतो, हलका फिरवत न्यायचा असतो. घासला की पेशी फुटतात, मग मोजायचं काय? उल्हासनगरातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ ताईंचं हे काम मी शेजारी उभा राहून पाहत होतो.

गर्भाशयमुखाच्या स्रावाचे हे नमुने स्त्रीरोग ओपीडीतून येतात. जीन्स शिवणाऱ्या, अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंग करणाऱ्या, बदलापूरहून लोकलने येणाऱ्या बायका. तक्रार एकच, तीही दबक्या आवाजात: अंगावरून पांढरं जातंय. घरी याला अशक्तपणा म्हणतात आणि टॉनिकवर भागवतात. हे थांबायला हवं.

काचपट्टी आचेवर धरून नमुना पक्का केला, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, शेवटी सॅफ्रानिन. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली पाहिलं तर गुलाबी पू-पेशींची दाटी, प्रत्येकीचं केंद्रक दोन-तीन पाळ्यांचं. गनोरियाचे जोडीने राहणारे जंतू कुठेच नाहीत. अशा वेळी संशय क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूवर जातो. तो पेशीच्या आत वाढतो, या रंगात दिसत नाही. दिसतात त्या फक्त हाकेला धावून आलेल्या पेशी.

हाक मारते गर्भाशयमुखाची बाधित पेशीच. ती इंटरल्यूकिन-8 सोडते आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजेच या पू-पेशी, तिकडे खेचल्या जातात. मागून टी-पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा येतं. ते पेशीतलं ट्रिप्टोफॅन संपवून जंतूची उपासमार करतं. पण क्लॅमिडिया चिवट. उपाशी राहिला तर फुगून, संख्या न वाढवता दबा धरून बसतो, आणि जननमार्गातले त्याचे प्रकार योनीतल्या इतर जिवाणूंनी तयार केलेल्या इंडोलपासून ट्रिप्टोफॅन पुन्हा बनवू शकतात. योनीतला जिवाणूंचा समतोल बिघडला की त्याचं फावतं ते यामुळे.

मला सर्वात अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. हाक थांबली नाही तर नुकसान शरीर स्वतःच करून घेतं. डॅनिश संशोधकांनी 2007 मध्ये प्रयोगशाळेत जगवलेल्या गर्भनलिकेच्या ऊतींवर दाखवलं की इंटरल्यूकिन-1 या एका संदेशरेणूमुळे नलिकेच्या केसाळ पेशी खराब होतात. त्याचा मार्ग अडवला की त्या वाचतात. याच केसांच्या हालचालीने बीज गर्भाशयाकडे सरकतं. बाईला या काळात बहुधा काही दुखतही नाही. कळतं ते मूल राहत नाही तेव्हा.

म्हणून रिपोर्टवर 'पू-पेशी भरपूर' एवढंच लिहिलं असलं तरी ते मोलाचं आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं करड्या रंगाचं किट गर्भाशयमुखातून येणाऱ्या अशा स्रावासाठी तयार झालं: ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेफिक्झीम 400 मिलिग्रॅम. गोळ्या बाई तिथल्या तिथे घेते. अडतं ते नवऱ्यापाशी. "त्यांना काहीच त्रास नाही," ती सांगते, आणि खरंच नसतो. पुरुषांतही हा संसर्ग बहुतेकदा मुकाच असतो. त्याने औषध घेतलं नाही तर तिला तो पुन्हा होतो, आणि दर नव्या संसर्गागणिक नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढत जातो.