हुकूम सुटतो, पाऊल अडतं

माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, एका सकाळी उंबरठ्यापाशी येऊन थबकले. मी मागून ओरडलो, ‘‘भाईजान, पाय उचला की!’’ ते म्हणाले, ‘‘उचलतोच आहे रे.’’ पाय मात्र जमिनीलाच. त्यांना पार्किन्सन्स आहे. त्या उत्तराचा अर्थ कळायला माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या बी.ए.वाल्याला बराच काळ लागला.

चालायचं ठरलं, की मेंदूच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, निरोप निघतो. तो आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात पोहोचतो. तिथे तो ऐकणाऱ्या पेशींच्या मुख्यतः दोन फळ्या आहेत. बसमधल्या कंडक्टरची घंटी आठवा. दोनदा वाजली की गाडी सुटते, एकदा वाजली की थांबते. एक फळी डबल बेल देणारी, दुसरी सिंगल बेल देणारी. दोन्ही हव्यातच; नाहीतर एका पावलाबरोबर नको त्या हालचालीही होतील.

आता डोपामिन. हे रसायन हुकूम देत नाही. हुकूम किती मोठ्याने ऐकू जावा, ते ठरवतं. डबल बेलवाल्या पेशींवर डी-१ नावाचे ग्राही असतात. त्यांना डोपामिन मिळालं, की कॉर्टेक्सचा निरोप खणखणीत ऐकू येतो. दुसऱ्या फळीवर डी-२ ग्राही. तिथे तेच डोपामिन निरोपाचा आवाज खाली आणतं. रसायन एकच, ग्राही वेगळा, म्हणून परिणाम उलटा.

पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग डबल बेल क्षीण होते, सिंगल बेल जोरात वाजते. निरोप सुटलेला असतो, गाडी जागची हलत नाही. भाईजान खरंच पाय उचलत होते!

मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. लेव्होडोपा या औषधापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. आपल्या रानातल्या खाजकुइरीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण म्हणून बिया खात सुटू नये. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

औषधाला तालाचीही जोड मिळते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी इथे रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. ठेका ऐकू आला किंवा जमिनीवर रेघ दिसली, की अडलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं.

आमच्या उंबरठ्याअलीकडे आता खडूच्या रेघा आहेत. मी ओरडत नाही. ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणतो, आणि थांबतो.