जवळची कामे पायीच करावीत

वाण्याचे दुकान, दवाखाना, वाचनालय ही आपली नित्याची ठिकाणे बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. तेवढ्यासाठी गाडी काढली, तर थंड इंजिन तुलनेने अधिक इंधन जाळते. पायी गेल्यास शहराची हवा आणि आपले गुडघे, दोहोंचे हित साधते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते.

पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन पाळला. एरवी मात्र उखडलेल्या पदपथावर पडण्याच्या भीतीने ज्येष्ठ घरी बसतात, आणि न चालल्याने पाय अधिकच दुबळे होतात. म्हणून कुटुंबीयांनी ‘मी आणून देतो’ याऐवजी ‘चला, बरोबर जाऊ’ म्हणावे. काठी जवळ असावी. चक्कर आल्यास वा छातीत दुखल्यास लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.