सकाळचे इंजेक्शन, संध्याकाळी

दुसरा रोजा होता. मालेगावची भर दुपार, कारखान्यात मागांचा खडखडाट. माझ्या मामूंच्या हाताला एकाएकी कंप सुटला, दरदरून घाम फुटला. शेजारच्या मागावरच्या कारागिराने साखरपाणी पुढे केले, तर मामूंनी तोंड फिरवले. 'इफ्तारला चारच तास उरलेत.' शेवटी त्याने दटावून पाजले. तो रोजा गेल्याची हुरहूर मामूंना अजून आहे.

मामू मिक्स इन्सुलिन घेतात, 30-70चे. त्यातले 30 टक्के लवकर काम करते, 70 टक्के उशिरापर्यंत. एरवी सकाळी 30 युनिट, रात्री 16. सकाळचे तेच 30 त्यांनी सहरीला टोचून घेतले. पोटात दोन रोट्या आणि दही. पुढे संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. इन्सुलिनला रमजान कळत नाही. ते दुपारीही साखर खाली ओढत राहिले.

डॉक्टरांनी मग वेळा फिरवल्या. सकाळचा मोठा डोस इफ्तारला, रात्रीचा लहान डोस निम्मा करून सहरीला. बहुतेकांना असेच काहीसे देतात, पण आकडा ज्याचा त्याचा. मामूंचा आकडा पाहून कुणी आपला बदलू नये. ग्लार्जिनसारखे दिवसभर पुरणारे इन्सुलिन असेल तर ते सहसा 15 ते 30 टक्के कमी करून इफ्तारला देतात, आणि सोबत जेवणापुरते, लवकर उतरणारे वेगळे. यात दुपारची भीती कमी. पण टोचण्या वाढतात, खर्चही वाढतो, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात तो हिशेब आधी होतो.

2001 साली 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप 2च्या रुग्णांत साखर धोकादायक घसरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट आढळले.

बोट टोचून साखर तपासल्याने किंवा इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली तर मात्र रोजा तिथेच सोडायचा. आजाऱ्याला रोजे नंतर करण्याची, तेही जमण्यासारखे नसेल तर फिदया देण्याची सवलत आहेच. (नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या मधुमेही मावश्यांनीही डोसचे आधीच विचारून घ्यावे.)

यंदा मामू शाबानमध्येच डॉक्टरांकडे जाऊन आले. परतताना खिशातली खडीसाखरेची पुडी मला दाखवली आणि म्हणाले, 'मुमानीला सांगू नकोस.'